पॅरलल फोनचा पाइप

*सप्रेम नमस्कार. कर्वेनगरला आमची छोटी बंगली आहे, सासऱ्यांनी १९८९ साली बांधलेली. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासऱ्यांची खोली. वर दोन बेडरूम, आणि त्यावर गच्चीला लागून एक खोली. फायबरचं कनेक्शन १०० एमबीपीएसचं. राउटरचा डबा हॉलमध्ये, टीव्हीमागच्या कपाटात. कंपनीचा माणूस वायर घेऊन तिथवरच आला, आणि 'ते मिणमिणणारं काही उघड्यावर नको' म्हणून सासऱ्यांनी तो आत ठेवायला लावला. खाली सगळं सुरळीत चालतं. वर माझा जीव जातो. माझं ऑफिस बाणेरला, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम. बसते मागच्या बेडरूममध्ये, पूर्वी पॅरलल फोन, म्हणजे खालच्याच लाइनवरचा दुसरा फोन, असायचा त्या टेबलापाशी. मीटिंगमध्ये आवाज तुटतो, चेहरा गोठतो, आणि मी बोलून दमले की समोरून कळतं, मागची पाच मिनिटं कोणाला काही ऐकूच आलं नाही. दिवाळीत एक रिपीटर आणला, टेबलाशेजारीच लावला. तेव्हापासून वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात, नेट मात्र होतं तसंच. यजमान म्हणतात प्लॅन ३०० चा करू. मुलगा इंजिनिअरिंगला आहे, गच्चीवरच्या खोलीत असतो. तो म्हणतो मेश घ्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तीन वायफाय डब्यांचा संच. सासरे म्हणतात काय हवं ते करा, माझ्या भिंतीला छिन्नी लागता कामा नये, आत्ताच रंग दिलाय. तिघांच्या मध्ये मी. काय करू?*

*— एक वाचक, कर्वेनगर*

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: पॅरलल फोन. तिकडे येतोच. आधी घरातला वाद.

यजमानांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा उपाय सगळ्यात सोपा आहे आणि म्हणूनच दर महिन्याला पैसे खाणारा आहे. चांगल्या चित्राच्या एका व्हिडिओ कॉलला जायला-यायला प्रत्येकी तीन-चार एमबीपीएस लागतात. तुमचा कॉल, मुलाचं लेक्चर, सासऱ्यांचं कीर्तन आणि यजमानांची मॅच एकाच वेळी चालू असली तरी १०० पुरून उरतील. खाली सुरळीत चालतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे नेट घरापर्यंत नीट पोचतंय. ३०० चा प्लॅन घेतलात तर सासऱ्यांच्या खोलीत ३०० मिळतील. तुमच्या टेबलाला आज मिळतंय तेवढंच.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, मोजून बघा. लॅपटॉप खाली न्या, लॅनची वायर थेट डब्याला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. ९० च्या पुढे आकडा आला तर कंपनीची बाजू स्वच्छ. मग वर टेबलापाशी वायफायवर तीच टेस्ट करा. मुलाला सांगा, मीटिंग चालू असताना लॅपटॉपवरून घरच्याच डब्याच्या पत्त्यावर, बहुतेक तो १९२.१६८.१.१ असेल, सतत पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, चालू ठेव. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत येत राहायला हवं. मध्येच दोनशे, पाचशे, 'टाइम आउट' असं दिसायला लागलं की समजा, चेहरा गोठतो तो तुमच्याच जिन्यात कुठेतरी, बाहेर रस्त्यावर नाही.

खाली वायर लावूनही आकडा कमीच आला, तर मात्र पुढचं सगळं वाचायचं थांबा आणि कंपनीला फोन करा. आपल्याकडे रस्ता खणणं बारमाही चालतं. जेसीबीच्या दातात फायबर आली तर घरातला कुठलाच उपाय उपयोगाचा नाही.

आता वर नेट का पोचत नाही ते. डबा दोन आवाजांत बोलतो: २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. ५ वाला वेगवान, पण भिंत आली की दम तोडतो. २.४ वाला भिंतीतून थोडा जास्त पार जातो, पण हळू, आणि त्या पट्ट्यात शेजारच्या दहा घरांचे डबे, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह असे सगळे गर्दी करून बसलेले. १९८९ च्या बांधकामात बाहेरच्या भिंती नऊ इंची विटेच्या, आणि मजल्यांमध्ये आरसीसी स्लॅब, म्हणजे काँक्रीटच्या पोटात सळ्यांची जाळी. रेडिओ लहरींना ती जाळी अजिबात मानवत नाही. त्यात डबा कपाटात, कपाटापुढे टीव्ही. टीव्हीची पाठ म्हणजे धातूचा पत्राच. तुमची बेडरूम मागच्या बाजूला, म्हणजे लहरींना तिरकं जावं लागतं आणि तिरक्या वाटेत तोच स्लॅब आणखी जाड भरतो. वाटेत वॉर्डरोबचा मोठा आरसा असेल तर विचारूच नका. आरशामागचा चकचकीत थरही धातूचाच असतो.

त्यामुळे आज संध्याकाळी करायचं पहिलं काम फुकटचं आहे. डबा कपाटातून बाहेर काढा, टीव्हीपासून हातभर लांब आणि छातीइतक्या उंचीवर ठेवा. सासऱ्यांना मिणमिणणं नकोय ना, बहुतेक डब्यांचे दिवे सेटिंगमधून बंद करता येतात. नाहीच झाले तर चिकटपट्टीचा काळा तुकडा. फायबरची बारीक वायर मात्र ओढाताण न करता हलवा. ती काचेची असते, करकचून वाकवली की आतला प्रकाश गळतो. फार लांब न्यायची असेल तर कंपनीच्या माणसालाच बोलवा. एवढ्यानं वर थोडा फरक पडेल. पुरेसा पडणार नाही.

रिपीटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं, कारण अर्ध्या पुण्यात हीच चूक भिंतीला लटकलेली दिसते. रिपीटर म्हणजे निरोप्या. खालून ऐकायचं आणि पुढे सांगायचं. स्वस्तातला असेल तर ऐकणं आणि सांगणं एकाच रेडिओवर होतं, दोन्ही एकदम जमत नाही, त्यामुळे वेग सरळ निम्म्यावर येतो. त्यात तुम्ही तो टेबलाशेजारी लावलात, जिथे खालचा आवाज आधीच ऐकू येत नव्हता. मग तो काय सांगणार? लॅपटॉपवर दिसणाऱ्या भरघोस कांड्या लॅपटॉप आणि रिपीटर यांच्यातल्या आहेत, एक हात अंतराच्या. रिपीटर आणि खालचा डबा यांच्यात काय चाललंय ते तुम्हाला कुणी दाखवत नाही. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, खालची रेंज अजून धड असते तिथे लावलात तर निदान काही कळेल असा निरोप येईल. तोवर तेवढं करा.

चिरंजीव निम्मे बरोबर आहेत. मेशचे डबे रिपीटरपेक्षा शहाणे असतात, एकमेकांशी ठरवून बोलतात आणि महागड्या संचात आपसात बोलायला वेगळा रेडिओ असतो. पण तुमच्या घरी त्यांना बोलायचंय त्याच स्लॅबमधून. तीन डब्यांचे पैसे घालून आपण तीन हुशार निरोपे आणणार आणि मध्ये भिंत तशीच ठेवणार. मात्र त्याच डब्यांना आपसात वायरनं जोडलं तर चित्र पालटतं, कारण मग मजल्यांमधला प्रवास तांब्यातून होतो आणि हवेतून जायचं राहतं फक्त खोलीपुरतं. मी वर्षानुवर्षं ऑफिसांमध्ये केबल ओढत फिरलोय. तिथे दर काही खोल्यांमागे छताला एक पांढरी तबकडी दिसते ना, तो ॲक्सेस पॉइंट, वायफाय देणारा डबा. प्रत्येक तबकडीच्या पाठीत एक वायर शिरलेली असते. ऑफिसात वायफाय चांगलं का चालतं, याचं उत्तर त्या वायरीत आहे.

म्हणजे तुम्हाला हवीय एक वायर, खालच्या डब्यापासून तुमच्या टेबलापर्यंत. आणि भिंत फोडायची नाही.

इथे पॅरलल फोन आला.

त्या काळात फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. १९८९ साली बंगली बांधणारा माणूस फोन येण्याआधीच त्याची सोय भिंतीत करून ठेवायचा. तुमच्या सासऱ्यांनी वर एक्स्टेन्शन काढलं होतं, आणि ते वायर लोंबकळत नेणारे वाटत नाहीत. माझी जवळजवळ खात्री आहे की प्लॅस्टर करताना त्यांनी पाइप गाडून घेतलाय, वीजेच्या पाइपापासून वेगळा. तुमच्या टेबलामागे भिंतीवर एक गोल किंवा चौकोनी जुनी डबी असेल, रंगानं बुजलेली. फोनचं रोझेट. त्याचं भावंड खाली हॉलमध्ये, बहुतेक पुढच्या दारालगत. दोन्ही उघडून बघा. आत पाइपाचं तोंड दिसलं आणि त्यात जुनी बारीक वायर दिसली, तर तुमचं निम्मं काम सासऱ्यांनी सदतीस-अडतीस वर्षांपूर्वीच करून ठेवलंय.

ती वायर मोकळी आहे का बघायचं. एकानं वर धरायचं, दुसऱ्यानं खालून हळूच ओढायचं. वरच्या हाताला ओढ लागली तर पाइप मोकळा. मग त्या वायरीच्या एका टोकाला नवी केबल बांधायची आणि दुसऱ्या टोकानं जुनी वायर बाहेर ओढत न्यायची. जुनी बाहेर येते, तिच्या मागोमाग नवी जाते. गाठ जाड होऊ देऊ नका, नाहीतर कोपऱ्यात अडकते. केबलचं वरचं आवरण चार बोटं सोलून आतल्या दोन-तीन तारा जुन्या वायरीत पिळून घ्यायच्या आणि वर चिकटपट्टी निमुळती गुंडाळायची. आणखी एक सुतळी सोबत सोडा. पुढे कधी दुसरी केबल न्यायची वेळ आली तर ती सुतळी कामाला येते, आणि अशी वेळ येतेच. पाइपात टाल्कम पावडर फुंकली की केबल सरकते. जोर लावायचा नाही. केबलला साधारण ११ किलोपेक्षा जास्त ओढ बसली की आतले पिळे ताणतात, बाहेरून काही दिसत नाही आणि वेग मात्र जातो. एक ओढणारा आणि एक वरून हातानं सोडणारा असे दोघं हवेत. पाइप पाऊण इंचाचा असेल तर साडेपाच-सहा मिलिमीटरची केबल आरामात जाते, कदाचित दोनही जातील. टोकाचं प्लग किंवा सॉकेट ओढून झाल्यावर बसवायचं. आधीच प्लग लावलेली तयार केबल आणलीत तर ती पहिल्याच वळणावर रुसेल.

जुनी वायर हलली नाही तर वायरमनकडे स्प्रिंग असते, ती घालून बघू दे. पाइपात सिमेंट उतरलेलं असतं, कधी उंदरांनी संसार मांडलेला असतो. तेही जमलं नाही तर छिन्नी न लावता दोन वाटा उरतात. एक जिन्याची. जिन्याच्या कडेनं प्लॅस्टिकची केसिंग पट्टी, भिंतीच्या रंगाची. नीट लावली तर चार दिवसांनी डोळ्यांना दिसत नाही. दुसरी बाहेरून: हॉलच्या खिडकीच्या चौकटीतून बाहेर, पावसाच्या पाण्याच्या पाइपालगत वर, आणि तुमच्या खिडकीतून आत. यासाठी बाहेर लावायची काळ्या आवरणाची केबलच घ्या. घरातल्या पांढऱ्या-निळ्या केबलचं आवरण उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोलावरून टपकेल, वायरीवरून घरात चालत येणार नाही. कर्वेनगरच्या पावसाला एवढा मान द्यायलाच हवा.

काही जण तुम्हाला प्लगमधून नेट नेणारे डबे सुचवतील, घरच्या वीजेच्या वायरिंगमधून जाणारे. जिथे खाली एक फेज आणि वर दुसरी, मध्ये इन्व्हर्टर, आणि वायरिंग तीन वेळा तीन जणांनी केलेलं, तिथे ते कधी पळतं, कधी रांगतं. वायर नेणं खरोखरच अशक्य असेल तरच.

केबलच्या बाबतीत मात्र कंजूषपणा नको. माझ्या स्वतःच्या घरी मी तो केला, म्हणून सांगतो. एका दुकानात कॅट सिक्स (नेटवर्कच्या केबलची एक प्रत) म्हणून नेहमीपेक्षा फार स्वस्त केबल मिळाली, मी धंद्यातला माणूस असूनही खुशीत घेतली आणि सबंध माडीभर ओढली. सहा महिन्यांनी छताचा ॲक्सेस पॉइंट दुपारच्या वेळी आपोआप बंद-चालू व्हायला लागला. आधी ॲक्सेस पॉइंटला शिव्या दिल्या, तो बदलला, मग एका केबलच्या अनेक करणारा नेटवर्कचा स्विच बदलला. शेवटी टोक कापून ब्लेडनं तार खरवडली तर आत पांढरं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. त्याचा विजेला होणारा विरोध तांब्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे केबलमधूनच वीजही पुरवायची असली की टोकाला ती पुरत नाही, शिवाय तार ठिसूळ, प्लगमध्ये तुटते. सगळी केबल पुन्हा ओढली. बायको आजही पाहुण्यांना सांगते.

तर दुकानात गेल्यावर विचारायचं: 'शंभर टक्के तांबं आहे ना?' आणि टोक खरवडून बघायचं. दुकानदार रागावला तर दुसऱ्या दुकानात जायचं, तापकीर गल्लीत आणि आजूबाजूच्या बुधवार पेठेत दुकानांना तोटा नाही. चुंबक लावून काही कळत नाही, तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही त्याला दाद देत नाहीत. वजनावरून कळतं, मुलाम्याची केबल हाताला हलकी लागते. कॅट फाइव्ह-ई सुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट वाहून नेते, तुम्हाला तेवढं पुष्कळ आहे. तरी कॅट सिक्स घ्या, किमतीत फार फरक नसतो आणि पाइपात एकदा घातलेली केबल कोणी पुन्हा बदलत नाही. कॅट सेव्हन, कॅट एट असं काही कुणी गळ्यात मारू पाहील, ते घरासाठी नाही. मोजमाप करताना अंदाजापेक्षा चार-पाच मीटर जास्तच घ्या, कमी पडलेली केबल जोडून वाढवायची नसते.

टोकं बसवताना रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आतल्या जोड्या पिळलेल्या असतात, तो पीळ सॉकेटपाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. घरगुती वायरमन हे काम वीजेच्या वायरीसारखं उरकतात: भरपूर सोलायचं, जोडायचं, दिवा लागला की निघायचं. त्यांना जाऊ देऊ नका. कारण आठांपैकी चारच तारा नीट लागल्या तरी नेट चालतं, फक्त १०० वर अडकून बसतं, आणि आज तुमचा प्लॅनच १०० चा असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. लॅपटॉप वरच्या सॉकेटला जोडा आणि नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंकचा वेग बघा. तिथे १००० दिसलं की पैसे द्या. लॅपटॉपला गिगाबिटचं पोर्ट आहे ना, एवढं आधी तपासून घ्या, नाहीतर बिचाऱ्या वायरमनवर विनाकारण खापर.

वर वायर आली की तुमच्या कामाचा प्रश्न त्याच क्षणी सुटतो, वायफायचं नावही न घेता. लॅपटॉप थेट वायरला जोडा. पातळ लॅपटॉपला पोर्ट नसेल तर छोटा यूएसबी जोड मिळतो. मीटिंग करणारा, टीव्ही आणि चिरंजीवांचे गेम, म्हणजे जे जागचं हलत नाही ते शक्यतो वायरवर असावं. फोन आणि टॅब्लेट राहतात हवेत.

त्यांच्यासाठी वरचा ॲक्सेस पॉइंट. नवा घेण्याआधी कपाट उघडा. फायबर येण्याआधीचा जुना राउटर बहुतेक घरांत पडलेला असतो, तो चालेल. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर मुलाला म्हणा, तीन गोष्टी कर: त्याचा पत्ता खालच्या डब्यापेक्षा वेगळा पण त्याच ओळीतला दे, म्हणजे १९२.१६८.१.२ असा काहीतरी. त्याचं पत्ते वाटण्याचं काम, डीएचसीपी, बंद कर. आणि खालून आलेली वायर त्याच्या 'वॅन'च्या नव्हे, 'लॅन'च्या भोकात लाव. डीएचसीपी बंद करायला विसरलं की एका घरात दोन कारभारी होतात, दोघंही पत्ते वाटत सुटतात, आणि कधी हा फोन चालत नाही तर कधी तो. जुन्या राउटरची पोर्ट १०० चीच असली तरी तुमच्या आजच्या प्लॅनला ती चालतील. तो फार जुना असून ५ गिगाहर्ट्‌झ देतच नसेल, तर मात्र तो रद्दीत.

नवाच घ्यायचा तर वायफाय सिक्सचा, छताला लावायचा, केबलमधूनच वीज घेणारा. त्याला पीओई म्हणतात. खाली एक छोटा पीओई इंजेक्टर किंवा स्विच लावला की वर प्लग शोधावा लागत नाही. फक्त बॉक्सवर ८०२.३एएफ असं मानक लिहिलेलं आहे ना ते दोन्हीकडे बघा. काही स्वस्त डबे २४ व्होल्टची आपली वेगळीच पद्धत चालवतात आणि एकाचा इंजेक्टर दुसऱ्याला जुळत नाही. पीओईचा खरा फायदा तुम्हाला गुरुवारी कळेल. महावितरणचं दुरुस्तीचं काम निघालं की वर-खाली सगळीकडे अंधार. डबा, स्विच आणि वरचा ॲक्सेस पॉइंट या सगळ्यांची वीज खाली एकाच जागेवरून जात असेल, तर तेवढ्याच जागेला इन्व्हर्टरची लाइन द्यायची. तुमची मीटिंग चालू राहते.

जागा कुठली? वर दोन बेडरूमच्या मधल्या बोळात, छताला. पाइप तुमच्या खोलीत उघडत असेल तर तिथून बोळापर्यंत भिंतीच्या वरच्या कडेनं पट्टी. तेवढंही नको असेल तर तुमच्याच खोलीत, कपाटावर नको, भिंतीवर उंच लावा. एका मजल्याला एक पुरतो. गच्चीवरच्या खोलीचा वेगळा विचार करावा लागेल, कारण मध्ये पुन्हा स्लॅब आहे. तिकडे दुसरी केबल बोळातून जिन्यानं वर नेली तर चिरंजीवांचं कायमचं तोंड बंद. केबल ओढण्याचं काम त्यांनाच द्या, इंजिनिअरिंगला आहेत ना.

नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तंतोतंत एकच ठेवा, स्पेस आणि कॅपिटलसकट. तरी फोन मध्येच जिद्द करतात. खालून वर आलात तरी फोन खालच्याच डब्याला चिकटून बसतो, कारण कुणाला सोडायचं आणि कुणाला धरायचं हे डबा ठरवत नाही, फोन ठरवतो. त्यावर उपाय उलटा आहे. दोन्ही डब्यांची ताकद कमी करायची. 'हाय'वरून 'मीडियम'वर आणली की खालचा डबा वर फिका पडतो आणि फोन त्याला सोडतो. २.४ वर खालच्याला चॅनेल १ द्या, वरच्याला ६, गच्चीवर ११. ही तीन एकमेकांवर चढत नाहीत. ५ वर 'ऑटो' राहू दे. सगळं झालं की फोनवर वायफाय ॲनालायझरसारखं ॲप घेऊन घरभर एक फेरी मारा. सिग्नलचा आकडा उणे ६७ किंवा त्याहून शून्याकडे असेल तिथे व्हिडिओ कॉल बिनधास्त. उणे ८० दिसलं तिथे नुसते मेसेज.

आणि तो दिवाळीचा रिपीटर बंद करून टाका. ठेवलात तर मधूनच तुमचा फोन त्याच्याकडे जाईल आणि तुम्ही मला दुसरं पत्र लिहाल.

सासऱ्यांना हे सगळं सांगू नका. त्यांना फक्त एवढं विचारा: 'तुम्ही फोनचा पाइप कुठून नेला होता?' ज्या माणसानं स्वतः उभं राहून घर बांधून घेतलंय त्याला कुठल्या भिंतीत काय गाडलंय ते पाठ असतं. कुठे वळण आहे, जिन्याखाली जोडाची डबी कुठे बुजवलीय, ते कुठल्याही वायरमनपेक्षा त्यांना जास्त माहीत. रोझेटचा स्क्रू त्यांच्याच हातानं उघडू द्या. रंग उडाला तर तो त्यांनी उडवलेला असेल.

एकच घाई आहे. वायरमन येण्याआधी त्याला बजावून ठेवा की आतली जुनी वायर 'काय हा कचरा' म्हणून उपटून फेकायची नाही. ती बाहेर निघून गेली की पाइप रिकामा, आणि नवी केबल आत नेणारी दोरीच हातची गेली.

पाइपात काय निघालं ते कळवा.

तुमचा सदरकार

*(पत्रातले घर ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.)*